दोन्ही मनगटांवरचा गोल

मिनीबसमध्ये सोळा आसनं होती आणि माणसं अकरा. उरलेल्या पाच आसनांवर थॉर्नबेक टाउन फुटबॉल क्लबचे दोन झेंडे, सँडविचचे तीन डबे, एक घडीची खुर्ची, एक लोकरीचं पांघरूण आणि गेनर पिकथॉलची कापडी पिशवी. पिशवीत बोव्हरिलची एक धुऊन पुसलेली बाटली होती. तिच्यात गेनरच्या वडिलांची, म्हणजे अर्नॉल्डची, एकशे दहा ग्रॅम रक्षा होती. वजन गेनरनंच केलं होतं. नळाच्या पाण्याची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेत ती तीस वर्षं नोकरीला होती. कुठलीही गोष्ट बाटलीत भरली की तिचं वजन करायचं, हे तिच्या अंगवळणी पडलेलं होतं.

बाटलीही तिनं विचार करूनच निवडली होती. अर्नॉल्डनं आयुष्यात कधी मैदानावर चहा घेतला नाही. बोव्हरिलचा काळा मांसरस उकळत्या पाण्यात ढवळून घ्यायचा, वर मिरपूड टाकायची, आणि तो पीत पीत थॉर्नबेकला हरताना बघायचं, हा त्याचा शनिवार.

सप्टेंबरचा पहिला आठवडा होता. कपच्या पहिल्या पात्रता फेरीत थॉर्नबेकची गाठ हॅगवर्थशी पडली होती, तीही हॅगवर्थच्या मैदानावर. मोठ्या क्लबांचा कप जानेवारीत सुरू होतो. थॉर्नबेकसारख्यांचा उन्हाळा संपायच्या आत सुरू होतो आणि बहुतेक वेळा उन्हाळा संपायच्या आतच संपतो. अपवाद एकदाच झाला होता. एकोणीसशे एकोणऐंशी साली याच हॅगवर्थच्या मैदानावर, शेवटच्या पात्रता फेरीत, पहिल्याच मिनिटाला ग्लेडहिलनं डोक्यानं गोल मारला, पुढची एकोणनव्वद मिनिटं सगळ्यांनी मिळून तो एक गोल राखला, आणि थॉर्नबेक मुख्य फेरीत पोचलं. मुख्य फेरीत सहा गोल खाल्ले. पण ते कुणी सांगत नाही.

अर्नॉल्डनं गेल्या हिवाळ्यात, इस्पितळात, मुलीचा हात धरून सांगितलं होतं, "जिथं उभा राहून मी ग्लेडहिलचा गोल पाहिला ना, तिथं मला थोडासा ठेव. बाकीचा कुठंही टाक. पण थोडासा तिथं."

"ठेवते," गेनर म्हणाली होती. कुठं उभा होतास, हे तिनं विचारलं नाही. त्या दिवशी ती नऊ वर्षांची होती आणि गोवर आल्यामुळे घरी झोपून होती. पण ती जागा थॉर्नबेकमध्ये कुणालाही विचारली तरी कळेल, असं तिला वाटलं होतं.

आणि तिथंच गाडं अडलं.

तिनं फोन करून क्लिफर्डकाकांना विचारलं होतं. क्लिफर्ड हॅलस हा अर्नॉल्डचा जन्माचा जोडीदार. वय एक्क्याऐंशी, हातात काठी, तोंडात अजून सगळे दात आणि सगळे शब्द. "तळ्याकडच्या गोलामागं," तो एका श्वासात म्हणाला होता. "मी आणि तुझा बाप, खांद्याला खांदा. जाळीला हात लागत होता." मग गेनरनं हॅगवर्थचं मैदान राखणाऱ्या ग्लिनला कळवलं. ग्लिननं लगेच परवानगी दिली, पण दोन अटींवर. एकच जागा, आणि हिरवळीवर टाकायचं नाही. रक्षेनं गवत जळतं, आणि दरवर्षी त्याच्याकडे असे चार-पाच अर्ज येतात. शिवाय हे आजच व्हायला हवं होतं. सोमवारी खोदणारी यंत्रं येणार होती. जुनं गवत काढून प्लॅस्टिकचं मैदान घालायचं होतं, आणि भोवतीच्या कडेला सगळीकडे काँक्रीट.

मिनीबसमधल्या लोकांची एक रीत होती. जुन्या सामन्यांच्या गोष्टी मन मानेल तेव्हा सांगायच्या नाहीत. प्रत्येक गोष्टीची रस्त्यावरची जागा ठरलेली. बिस्किटांच्या कारखान्यावरून गाडी गेली की धुक्यातल्या सामन्याची गोष्ट. त्या सामन्यात पंचांनी खेळ थांबवला, सगळे आत गेले, आणि गोलरक्षकाला कुणी सांगितलंच नाही. तो दहा मिनिटं एकटा गोल राखत उभा होता. पेट्रोलपंप आला की क्लिफर्डला स्वच्छतागृहात विसरून बस निघून गेल्याची गोष्ट. तो दुधाच्या गाडीत बसून सगळ्यांच्या आधी मैदानावर पोचला होता आणि फाटकात उभा राहून प्रत्येकाला "उशीर झाला?" असं विचारत होता. या गोष्टी अकराही जणांना पाठ होत्या. तरी कुणी आधी सुरू केली की इतर दहा जण ओरडत.

"अजून कारखाना आला नाही!"

"वास येतोय की बिस्किटांचा."

"वास येणं म्हणजे कारखाना येणं नाही, क्लिफ. गप बस."

हे एव्हिसमावशी म्हणाली. एव्हिस टॉमलिन्सन एकोणऐंशी वर्षांची होती. पांघरूण आणि घडीची खुर्ची तिची होती. साठ वर्षांत तिनं बाहेरगावचे फक्त तीन सामने चुकवले होते, तीन बाळंतपणांचे, आणि तिसरं बाळंतपण आपण उगाच घाईनं केलं असं ती म्हणे.

ग्लेडहिलच्या गोलाच्या गोष्टीची जागा हॅगवर्थच्या अलीकडच्या चढाच्या माथ्यावर होती. तिथं गाडी आली, आणि चालक शाकिरनं नेहमीप्रमाणे रेडिओ बंद केला. शाकिर टॅक्सी चालवायचा. शनिवारी मिनीबस चालवायचा. त्याच्या जन्माआधीचा हा गोल त्यानं मागच्या पाच-सहा वर्षांत इतक्या वेळा ऐकला होता की तोही आता ग्लेडहिलला पहिल्या नावानं हाक मारायचा.

"तर तळ्याकडचा गोल," क्लिफर्डनं सुरुवात केली.

"कुठला गोल?" एव्हिसमावशी म्हणाली.

"तळ्याकडचा."

"तळ्याकडचा नाही. रुळांकडचा."

ही गोष्ट चाळीस-पंचेचाळीस वर्षं सांगितली जात होती, पण त्यात आजवर कुणी बाजूचं नाव घेतलं नव्हतं. 'गोलामागं' एवढंच म्हणत. थॉर्नबेकचे लोक आपला संघ ज्या गोलावर हल्ला करतो त्याच्याच मागं उभे राहतात, आणि मध्यंतराला संघानं बाजू बदलली की झेंडे, खुर्च्या, पोरंटोरं घेऊन तेही मैदानाला वळसा घालून दुसऱ्या टोकाला जातात. त्यामुळे गोल कुठं झाला हे विचारायची गरजच कुणाला पडत नाही. आपण होतो तिथंच झाला.

"एव्हिसमावशी," गेनर मागं वळून म्हणाली, "मी ग्लिनला तळ्याकडचं सांगितलंय. त्यानं खड्डाही करून ठेवलाय."

"मग बुजवायला सांग."

"अगं एव्हिस, मी तिथं होतो!"

"आणि मी काय चंद्रावर होते? माझ्या मागून मालगाडी गेली. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. डोकं सुन्न झालं माझं, आणि तेवढ्यात गोल. तळ्यातून मालगाडी जाते का रे कधी?"

"तुला त्या दिवशी ताप होता."

"ताप नव्हता. तहान होती," एव्हिसमावशी म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

"अर्नॉल्ड कुणाजवळ होता?" शाकिरनं आरशातून विचारलं.

"माझ्याजवळ," दोघंही एकदम म्हणाले.

शाकिरनं रेडिओ पुन्हा लावला.

गेनरनं मांडीवरच्या पिशवीवर हात ठेवला. बापानं आयुष्यात तिच्याकडे दोनच गोष्टी मागितल्या होत्या. पहिली होती, माझ्या अंत्यविधीला निळा रंग घालू नका, निळा हॅगवर्थचा. ती तिनं पाळली होती. दुसरी ही. बाटलीतलं निम्मं इथं आणि निम्मं तिथं असा तोडगा काढता आला असता, पण ग्लिननं एकच जागा सांगितली होती. आणि निम्मं चुकीच्या ठिकाणी ठेवायचं हे आधीच माहीत असताना ते ठेवायचं, हे गेनरच्या स्वभावात बसत नव्हतं.

फाटकाशी ग्लिन उभा होता. साठीचा, उंच, वाकलेला; खिशातून मोजपट्टी डोकावत होती. त्यानं हस्तांदोलन केलं, बाटलीकडे पाहिलं, आणि म्हणाला, "बोव्हरिल? गेल्या वर्षी एकजण बिस्किटाच्या डब्यातून आला होता. चला, दाखवतो."

"थोडं थांबता येईल?" गेनर म्हणाली. "जागेबद्दल शंका आहे."

"माझी हरकत नाही. सामना संपेपर्यंत सांगा. नंतर मला जाळ्या काढायच्यात." मग तो क्लिफर्ड आणि एव्हिसकडे बघून हलकेच म्हणाला, "भांडण?"

"मतभेद," गेनर म्हणाली.

फाटक रुळांकडच्या कोपऱ्यात होतं, म्हणून आत आल्यावर थॉर्नबेकचे लोक रुळांकडच्या गोलामागं जमले. एव्हिसमावशीनं खुर्ची उघडली, पांघरूण गुडघ्यांवर घेतलं. क्लिफर्ड उभाच राहिला. तो खेळाडूंकडे नव्हे, मैदानाच्या मधोमध नाणेफेकीला उभ्या असलेल्या दोन कप्तानांकडे बघत होता. नाणं वर गेलं, खाली आलं. हॅगवर्थच्या कप्तानानं तळहात उलटा केला.

क्लिफर्ड काठी टेकत निघालासुद्धा.

"कुठं चाललात?" शाकिरनं विचारलं.

"फिरवलं त्यांनी आपल्याला. हात बघितला नाहीस? आपला संघ आता तळ्याकडं मारणार. चला, चला, उचला!"

हॅगवर्थच्या कप्तानानं खरोखरच बाजू बदलून मागितली होती. दोन्ही संघ धावत एकमेकांना ओलांडून पलीकडे गेले, आणि थॉर्नबेकच्या बाकीच्यांनी शिव्या देत आपलं सामान उचललं. पाहुण्यांना असं फिरवणं हा हॅगवर्थचा जुना खोडसाळपणा होता. मैदानाची लांब बाजू चालत जाईपर्यंत सामना सुरू झालेला असतो, आणि पाहुण्यांच्या खेळाडूंना गोलामागं आपलं एकही माणूस दिसत नाही.

एव्हिसमावशी मात्र खुर्चीतून हलली नाही. "मी इथंच आहे," ती म्हणाली. "मध्यंतराला येणारच आहात परत. गुडघे माझे आहेत, क्लबचे नाहीत."

"नेहमीचंच हिचं," जाता जाता क्लिफर्ड म्हणाला. "मी पहिला, ही शेवटची. एकोणीसशे पासष्टपासून."

गेनर त्या दोघांच्या मधे चालत होती. डाव्या हाताला मैदान, उजव्या हाताला क्लबची जुनी विटांची भिंत. भिंतीत एका ठिकाणी विटांचा रंग निराळा होता. दार किंवा खिडकी बुजवल्यासारखा. तिच्यासमोर खडीची अरुंद पट्टी आणि त्यात खाजकुइलीसारखं काहीतरी माजलेलं. ती तिथपर्यंत पोचली तेव्हा सामना सुरू झाल्याची शिटी वाजली. ती थांबली, मैदानाकडे वळली. थॉर्नबेकचा एक पोरगा चेंडू घेऊन तळ्याकडे पळत होता. तिला त्याची पाठ आणि पाठीवरचा सात नंबर दिसला. तळ्याकडच्या गोलामागं एकटा क्लिफर्ड काठी उंचावून उभा होता. रुळांकडच्या गोलामागं एकटी एव्हिसमावशी खुर्चीत बसली होती. बाकी सगळे रस्त्यात.

चेंडू गोलाच्या आडव्या दांड्यावरून बाहेर गेला. गेनर पुढं चालायला लागली.

शाकिर मागं राहून चहा घ्यायला गेला होता. चहाची खिडकी आता फाटकाजवळच्या नव्या इमारतीत होती. तो तळ्याकडे येऊन पोचला तेव्हा दोन्ही हातांत कागदी पेले होते आणि वाऱ्यानं त्याचं जाकीट फुगलं होतं. गेनरनं पेला घेतला आणि सवयीनं आधी नुसता ओठ लावला. मग तिनं अर्धा पेला एका दमात पिऊन टाकला.

"भाजेल," शाकिर म्हणाला.

"नाही. कोमट झालाय."

"उकळता होता! बोटं भाजली माझी त्या खिडकीशी."

"तिथून इथं आणलास ना. वारा आहे," गेनर म्हणाली. मग ती पेल्याकडे बघत राहिली.

अर्नॉल्डच्या मनगटांवर भाजल्याचे डाग होते, आतल्या बाजूला, फिकट, रुपयाएवढे नव्हेत, चांगले मोठ्या नाण्याएवढे. लहानपणी तो ते दाखवायचा. "हा ग्लेडहिलचा गोल," डावं मनगट पुढं करून म्हणायचा, "आणि हा पण ग्लेडहिलचा गोल," असं म्हणून उजवं. गोल झाला, हात वर गेले, आणि बोव्हरिल बाहीत ओतलं गेलं. लोकरीच्या बाहीनं ते धरून ठेवलं. घरी आला तेव्हा कातडी सुटली होती, तरी तो हसत होता. गेनरची आई प्रत्येक वेळी एकच विचारायची, "पेला एक आणि मनगटं दोन भाजली कशी?" आणि तो म्हणायचा, "आनंदात सगळं होतं."

कातडी सुटेल इतकं कढत. म्हणजे नुकतंच घेतलेलं.

"क्लिफर्डकाका," ती म्हणाली, "त्या वेळी बोव्हरिल कुठं मिळायचं इथं?"

क्लिफर्डचं लक्ष खेळात होतं. "अं? त्या भिंतीत खिडकी होती. बुजवली. एक जाडी बाई असायची, नुसती रागीट. का?"

"आणि त्या दिवशीची नाणेफेक कुणी जिंकली होती?"

"कुठल्या दिवशीची?"

"ग्लेडहिलच्या."

हॅगवर्थनं डावीकडून चेंडू आणला, गोल केला, मैदानभर टाळ्या वाजल्या. क्लिफर्डनं तिकडे बघितलंसुद्धा नाही. "त्यांनीच," तो सावकाश म्हणाला. "त्यांनीच जिंकली. फिरवलं होतं आपल्याला. बरोबर आजच्यासारखं. मी पळालो. तेव्हा पळायचो मी. पोचलो इथं, वळलो, आणि ग्लेडहिल समोरून येतोय. त्याचे दात दिसले मला, वरचा एक नव्हता. आणि चेंडू जाळीत."

"आणि बाबा?"

"माझ्याजवळ."

"गोल झाला त्या क्षणी? का नंतर?"

क्लिफर्ड काठीच्या मुठीवर अंगठा घासत राहिला. "मी त्याला मिठी मारली होती," तो म्हणाला. मग, "अंगाला बोव्हरिलचा वास येत होता त्याच्या. ओला होता. म्हणजे आला असेल मागून."

मध्यंतराला हॅगवर्थ दोन, थॉर्नबेक शून्य. सगळे पुन्हा सामान उचलून रुळांकडे निघाले. या वेळी क्लिफर्डही इतरांच्या चालीनं चालला. एव्हिसमावशी पांघरुणात बसून सँडविच खात होती.

"काय मग, तळ्यात मालगाडी दिसली का?" तिनं विचारलं.

गेनर तिच्या खुर्चीजवळ उकिडवी बसली. "मावशी, एक सांगा. गोल झाला तेव्हा ग्लेडहिलचा चेहरा दिसला तुम्हाला?"

"चेहरा कसा दिसेल? नंबर दिसला. नऊ."

"नंबर कुठं असतो?"

"पाठीवर. कुठं असणार?" एव्हिसमावशी म्हणाली, आणि सँडविच अर्ध्या वाटेत थांबलं. तिनं समोर, शंभर मीटर पलीकडच्या गोलाकडे पाहिलं. मग मागच्या रुळांकडे पाहिलं. "तो तिकडं मारत होता," ती म्हणाली.

"हेच मी सकाळपासून—" क्लिफर्डनं सुरुवात केली.

"तू गप. तू बरोबर असलास की अजूनच सहन होत नाहीस." ती गेनरकडे वळली. "पण मी इथंच होते, पोरी. हे मी शपथेवर सांगते. मालगाडी माझ्या डोक्यामागून गेली."

"तुम्ही इथंच होता. मला खात्री आहे. पण सगळे तिकडं निघाले असताना तुम्ही इथं का थांबलात? गुडघे तर तेव्हा चांगले होते."

"थांबले कारण तुझ्या बापानं थांबायला सांगितलं!" एव्हिसमावशीचा आवाज चढला. "म्हणाला, आता रांग मोडेल, सगळे सामना बघायला पळतील, मी बोव्हरिल घेतो. तुला आणू का? म्हटलं, आण. म्हणाला, मग इथंच थांब, हलू नकोस, नाहीतर मी गरम पेले घेऊन तुला शोधत बसेन. गेला तो माझ्याजवळून, म्हणून म्हटलं माझ्याजवळ. थांबले. गाडी गेली, गोल झाला, सगळी माणसं तिकडं वेडी झाली, आणि मी इथं एकटी. तो आलाच नाही. सगळा पूर्वार्ध वाट पाहिली मी. मध्यंतराला आला हात हलवत. बोव्हरिलचं नाव नाही. मीही काढलं नाही. त्याला आठवण असती तर त्यानंच काढलं असतं."

"कधीच विचारलं नाही?"

"पेलाभर बोव्हरिलसाठी? मला काही मान आहे की नाही?"

"पंचेचाळीस वर्षं?" शाकिर म्हणाला.

"मला तहान होती," एव्हिसमावशी म्हणाली.

गेनरनं आपली दोन्ही मनगटं पुढं केली, आतली बाजू वर. तिची मनगटं साधी होती, त्यांवर काही नव्हतं. पण एव्हिस आणि क्लिफर्ड दोघांनीही अर्नॉल्डची पाहिली होती, अनेकदा. पबमध्ये, लग्नात, आणि शेवटी इस्पितळाच्या चादरीवर.

"दोन पेले होते," गेनर म्हणाली. "प्रत्येक हातात एक. खिडकीपासून वळला, तेवढ्यात गोल झाला, आणि दोन्ही हात वर गेले."

पंचांनी उत्तरार्धाची शिटी वाजवली.

"म्हणजे उजवीकडचं माझं होतं," एव्हिसमावशी म्हणाली.

"किंवा डावीकडचं," क्लिफर्ड म्हणाला.

"उजवीकडचं. दुसऱ्याचं माणूस उजव्या हातात धरतं." तिनं राहिलेलं सँडविच कागदात गुंडाळलं आणि उरलेल्या सामन्यात ती फारसं बोलली नाही. एकदा फक्त म्हणाली, "सांगायला काय झालं होतं मेल्याला?" आणि लगेच स्वतःशीच, "ओतून टाकलं म्हणून कसं सांगणार."

थॉर्नबेक तीन-एक असं हरलं. हॅगवर्थचे लोक पांगले. ग्लिन जाळ्या सोडवत होता, तो मोजपट्टी खिशात चाचपत आला.

"ठरलं?"

"ठरलं," गेनर म्हणाली. "तळ्याकडचा गोल नाही. रुळांकडचाही नाही. त्या भिंतीत जुनी खिडकी होती, तिच्यासमोर."

ग्लिननं तिकडे पाहिलं. "खडीची पट्टी? तिथं गवत नाही, त्यामुळे माझी तक्रार नाही. पण सांगून ठेवतो, बाई, काँक्रीट सगळ्यात आधी तिथंच पडणार. सोमवारी सकाळी. गोलामागं निदान कडेला माती तरी राहील, फूलबिल ठेवता येईल. इथं तुमचे वडील सहा इंच काँक्रीटखाली जातील."

गेनरनं विचार केला. तळ्याकडे खड्डा तयार होता, व्यवस्थित गोल कापलेला, शेजारी मातीचा ढीग. तिथं वर्षातून एकदा येऊन उभं राहता आलं असतं.

"ओल असते का गोलामागं?" तिनं विचारलं.

"तळं आहे. हिवाळ्यात घोट्याइतकं पाणी."

"आणि काँक्रीटखाली?"

"कोरडं ठणठणीत."

"पाय भिजले की चिडायचा तो," क्लिफर्ड म्हणाला. "प्रत्येक सामन्याला. परत येताना बसभर मोजे वाळत घालायचा."

"तो वास!" एव्हिसमावशी म्हणाली.

"इथंच," गेनर म्हणाली. "तो इथंच होता."

ग्लिननं पलीकडून फावडं आणलं. माजलेलं तण उपटलं, खडी बाजूला सारली, खालची काळी माती हातभर खणली. गेनर गुडघ्यांवर बसली आणि तिनं बाटलीचं झाकण काढलं. वारा होता म्हणून शाकिरनं जाकीट उघडून आडोसा धरला. रक्षा सगळी खड्ड्यात गेली. थोडी बाटलीच्या खांद्याला चिकटून राहिली, ती गेनरनं बोट फिरवून काढली. क्लिफर्डनं टोपी काढली. मग सगळे एव्हिसमावशीला शोधायला लागले, कारण ती दिसत नव्हती.

ती फाटकाकडून येत होती, एकटी, फार सावकाश. नव्या इमारतीतली चहाची खिडकी बंद होत होती, ती तिनं उघडायला लावली होती. हातात एक कागदी पेला होता. इथवर पोचेपर्यंत त्यातून वाफ यायची थांबली होती.

"ओतायचं का?" क्लिफर्डनं विचारलं.

"ओतायचं कशाला? ओतलंय त्यानं एकदा," एव्हिसमावशी म्हणाली, आणि उभ्या उभ्या सगळं बोव्हरिल पिऊन टाकलं. मग पेला चुरगळून खिशात ठेवला. "मिरपूड कमी आहे," ती म्हणाली.

ग्लिननं माती लोटली, खडी ओढली, पायानं दाबली. पट्टी आधीसारखी दिसायला लागली, फक्त तण नव्हतं. सोमवारनंतर इथं काहीच खूण उरणार नव्हती, म्हणून त्यानं मोजपट्टीचं टोक शाकिरच्या हातात दिलं आणि त्याला रुळांकडच्या गोलरेषेकडे पाठवलं. मोजपट्टी तीस मीटरची होती. मधे एकदा क्लिफर्डनं काठी रोवून धरली आणि तिथून पुढं पुन्हा मोजलं. मग भिंतीपासूनचं अंतर घेतलं. ग्लिननं आकडे मोठ्यानं वाचले आणि गेनरनं ते परत म्हणून दाखवले.

रुळांकडच्या गोलरेषेपासून एक्केचाळीस मीटर साठ सेंटिमीटर. भिंतीपासून एक मीटर दहा.